कवीला तासभर कान द्या

‘मॅडम, या वाचलालेत का बोललालेत?’

माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं कानाशी येऊन हे विचारलं, तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले होते. मंचावर सत्तरी ओलांडलेल्या एक कवयित्री उभ्या होत्या. हातात कडा मऊ पडलेली जुनी वही, पानात बोट घालून धरलेली. पण वहीकडे त्या बघतच नव्हत्या. आमच्याकडे बघत होत्या, आणि आवाज इतका साधा, की दारात उभं राहून शेजारणीशी बोलावं. कविता सुरू झाली आहे की अजून प्रस्तावनाच चालली आहे, हे त्या मुलीला खरोखरच कळेना. मी तिला बोटानं गप्प राहायची खूण केली, पण तिचा प्रश्न मनातून गेला नाही. तेव्हापासून तो माझ्या सोबत आहे आणि त्याच्यामुळेच हे लिहायला बसले आहे.

सोलापुरात साहित्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात. २००६ साली ७९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं होतं, मारुती चितमपल्ली अध्यक्ष होते. तो मोठा मांडव. मी सांगते आहे तो दोन दिवसांचा लहानसा साहित्य महोत्सव, एका सभागृहातला, दोनेकशे खुर्च्यांचा. त्या संस्थेचं आणि कवयित्रींचं नाव इथं लिहीत नाही. जे झालं ते कुठल्याही गावात, कुठल्याही आवडत्या कवीच्या वाट्याला येतं. आणि आयोजक माझ्यासारखीच नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून धावपळ करणारी माणसं आहेत. त्यांना बोल लावावा म्हणून मी लिहीत नाही. पण बोलायला तर हवंच.

मी पूर्वभागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. सोलापूरकरांना पूर्वभाग म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : गल्लोगल्ली यंत्रमागांची खटखट, टॉवेल आणि चादरी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, आणि घराघरात तेलुगू. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. शाळेत मराठी. रस्त्यावर या सगळ्यांची मिळून जी होते ती सोलापुरी. त्यातल्या नववीच्या अकरा मुलींना घेऊन मी त्या संध्याकाळी गेले होते. पालकांना शब्द दिला होता, नऊपर्यंत घरी सोडते.

जाण्याआधी या कवयित्रींची एक कविता वर्गात घेतली होती. पाठ्यपुस्तकातली नव्हे, माझ्या आवडीची. फळ्यावर लिहिली, मुलींनी वहीत उतरवून घेतली. प्रसंग एवढाच : गाव सोडून निघालेल्या मुलाशी आई बोलते आहे. शिदोरी, एसटी, पावसाचं काहीतरी. शेवटची ओळ एकाच शब्दाची आहे : जग. मी शिकवलं, की आई शेवटी मुलाला बाहेरच्या मोठ्या दुनियेकडे बोट दाखवते. जग हे असं आहे, जा. मुलींनी समासात लिहून घेतलं : जग म्हणजे दुनिया. वीस वर्षं मी स्वतः ती कविता तशीच वाचत आले होते.

पत्रिकेवर वेळ सहाची होती. दीपप्रज्वलन सात वाजून दहा मिनिटांनी झालं. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग सत्कार. मी मोजायचं ठरवलं नव्हतं, पण मुलींनी मोजले. चौदा. प्रत्येक सत्काराला नाव पुकारायचं, माणूस जागेवरून उठून पायऱ्या चढून यायचा, शाल उलगडायची, श्रीफळ द्यायचं, स्मृतिचिन्हाचं खोकं कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचं, फोटो. मग दोन भाषणं. कवितेचं महत्त्व या विषयावर एका भाषणाची पंचवीस मिनिटं गेली. या सगळ्या वेळात कवयित्री मंचावरच्या दुसऱ्या खुर्चीत ताठ बसून होत्या. मध्ये एकदा त्यांनी पिशवीतून औषधाची गोळी काढून घेतली. साडेआठला त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि निवेदकानं अगदी आदरानं हात जोडून सांगितलं, की वेळेअभावी ताईंनी थोडक्यात चार रचना सादर कराव्यात.

तोवर पाठीमागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. लोकांना कवितेचं प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून आलेल्यांना परत जायचं होतं. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, त्यांच्या मांडीवर कवयित्रींचे दोन जुने संग्रह होते, सही घ्यायला आणलेले असावेत. ते सारखे घड्याळ बघत होते. सत्कार सुरू असतानाच ते उठले आणि पुस्तकं छातीशी धरून वाकून, कुणाच्या आड येऊ नये अशा बेतानं बाहेर पडले. त्यांना ऐकायचं होतं तो आवाज त्यांच्यापासून तीस फुटांवर बसला होता, आणि न ऐकता त्यांना जावं लागलं. त्या रात्री मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आता त्या वीस मिनिटांबद्दल.

माइकसमोर आल्यावर त्यांनी एक शब्द उच्चारला आणि थांबल्या. स्वागतगीताच्या वेळी लावलेला इको तसाच सुरू होता, प्रत्येक अक्षर भिंतीवर आपटून परत येत होतं. त्यांनी साउंडवाल्या पोराकडे वळून म्हटलं, ‘बाळ, तो घुमारा काढतोस का? शब्द एकटाच जाऊ दे.’ पोरानं कळ फिरवली. सभागृह एकदम लहान झालं, घराएवढं. मग त्यांनी दोन कविता वाचल्या आणि तिसरी ती, आईची. तेव्हाच माझ्या कानाशी तो प्रश्न आला. त्या शेवटच्या ओळीपाशी पोचल्या. थांबल्या. वही मिटली. आणि म्हणाल्या : जग.

जन्मातला, जीवनातला ज त्यांच्या तोंडून आला नाही. जगण्यातला आला, जीभ दातांना लागते तो. आई मुलाला दुनिया दाखवत नव्हती. ती म्हणत होती, जिवंत राहा.

ती मुलगी एकदम माझ्याकडे वळली. तिच्या घरच्या तेलुगूतही च आणि ज यांचे असे दोन-दोन उच्चार आहेत. तिच्या कानाला तो फरक आधीच ठाऊक होता. मराठीच्या बाईंना वीस वर्षं जे उमगलं नव्हतं, ते तिला एका श्वासात ऐकू आलं. मी तिची नजर चुकवली नाही. मान हलवून कबूल केलं, चुकलं माझं.

आपल्या लिपीत या दोन ज-ना एकच अक्षर आहे. ‘जरा थांब’ मधली जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा कागदावर सारखीच दिसते. चार पैसे आणि गुरांना चार, तेही तसंच. एरवी वाक्यावरून कळतं, कारण आजूबाजूला शब्द असतात. कवितेत कवी मुद्दाम शब्दाला एकटं उभं करतो आणि मग कागद मुका होतो. तिथं कवीचा आवाज हाच एक पुरावा उरतो. कवयित्रींनी ते संदिग्धच ठेवायचं ठरवलं असेल, दोन्ही अर्थ त्यांना हवे असतील, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण त्यातला एक अर्थ माझ्या वर्गापर्यंत कधी पोचलाच नव्हता, आणि तो पोचायला त्यांना सोलापूरपर्यंत यावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं : कवीनं आपली कविता मोठ्यानं वाचणं ही कार्यक्रमाची शोभा नाही. तो कवितेच्या प्रकाशनाचाच भाग आहे, पुस्तकाइतका. आणि आपण आपल्या महोत्सवांची रचना अशी करून ठेवली आहे, की कवीचा मान होतो, पण कवी ऐकला जात नाही.

‘वाचन’ हा शब्दच बघा. वच् म्हणजे बोलणं. त्याचं प्रयोजक रूप घेऊन वाचन झालं : अक्षरांना बोलायला लावणं. हल्ली दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, तेव्हा शाळाशाळांतून ओळीनं बसलेली, पुस्तकात मान घातलेली मुलं दिसतात, शांत. शांतपणे वाचावं, मीही वाचते. पण अक्षरांना बोलायला लावण्याचा एखादा दिवस आमच्या वेळापत्रकात नाही.

जुन्या वृत्तबद्ध कवितेचं एक बरं होतं. मनाचे श्लोक पाठ असलेल्या मुलाला कुठं थांबायचं हे सांगावं लागत नाही, भुजंगप्रयात त्याला सांगतो. ओवी जात्याला धरून चालते, अभंग टाळाला धरून. कवी गेला तरी चाल मागं राहते आणि चालीत त्याचा श्वास राहतो. मुक्तछंदात तो आधार नाही. ओळ इथं का मोडली, हा शब्द खाली एकटा का आला, हे कागदावर दिसतं पण उमगत नाही. कवी वाचतो तेव्हा कळतं, की अरे, इथं श्वास संपला होता. किंवा इथं त्याला बोलवत नव्हतं. म्हणजे गंमत अशी झाली आहे, की ज्या काळात कवितेला कवीच्या आवाजाची सगळ्यात जास्त गरज निर्माण झाली, त्याच काळात आपण कवितेला डोळ्यांची गोष्ट करून टाकलं. मुक्तछंदातली कविता समजत नाही अशी तक्रार पालक करतात, सहकारी शिक्षक करतात. मी त्यांना विचारते, ऐकली आहे का कधी?

आणि हे सोलापुरात बसून लिहावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. या गावाचं ग्रामदैवतच कवी आहे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांनी तळं बांधलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी कन्नडात वचनं रचली, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची नाममुद्रा, हे त्यांच्याच गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसणाऱ्या किती जणांना सांगता येईल? वचन म्हणजे तरी काय? जे बोललं गेलं ते. वृत्ताच्या, मात्रांच्या हिशेबाबाहेर, साध्या बोलण्याच्या लयीत. माझ्या विद्यार्थिनीनं जो प्रश्न विचारला तो वचनांपुढेही विचारता आला असता, हे वाचणं आहे की बोलणं?

जानेवारीत भोगीच्या दिवशी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, आणि नजर जाईल तिथपर्यंत माणसं. त्या गर्दीत संमतीचं वाचन होतं. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ हे शब्द आले की लाखो हात वर जातात आणि अक्षता उडतात. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळ्या घरांतली माणसं त्यात असतात. शब्दाचा नेमका अर्थ विचारला तर अनेकांना सांगता येणार नाही. पण कुठल्या शब्दाला हात उचलायचा हे लहान पोरालाही ठाऊक असतं, कारण ते शब्द त्यानं वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेले असतात. ज्या गावाला एवढं ऐकता येतं, त्या गावाला कविता ऐकायचा धीर नाही असं मला कुणी सांगू नये. पेशवाईतला शाहीर राम जोशी इथला. कवी कुंजविहारी इथले, कवी संजीव इथले. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, मंगळवेढा आपल्या जिल्ह्यात. चोखोबांचे, कान्होपात्रेचे अभंग इथल्या मातीत लोकांनी आधी गळ्यात जपले, पोथ्या-पुस्तकं मागून आली. खानदेशातल्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या बोलत-गात गेल्या, मुलाच्या, सोपानदेवांच्या प्रयत्नानं ते राहिलं आणि त्या गेल्यानंतर वर्षभरात, १९५२ साली, पुस्तक झालं. कान आधी, कागद नंतर, हा आपला क्रम आहे.

लहान संमेलनांची ताकद काय असते, याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला जळगावचा. १९०७ साली तिथं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. ठोंबरे आडनावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं तिथं कविता म्हणून दाखवली. ऐकणारे थक्क झाले आणि त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. पुस्तकानं दिलेलं नाही, ऐकणाऱ्यांनी दिलेलं. त्या दिवशी पोराच्या आधी चौदा सत्कार असते आणि त्याला वेळेअभावी बसवलं असतं तर? १९१८ मध्ये तो गेला. त्याचा आवाज कसा होता, तो कुठं थांबायचा, हे आज आपल्याला कळायला काही मार्ग नाही. त्यानंतरही हा धागा तुटला नव्हता. रविकिरण मंडळातल्या कवींनी कविता गाऊन घरोघरी नेली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघं मिळून वर्षानुवर्षं गावोगाव काव्यवाचनाला जात. तिघांचे तीन आवाज, आणि श्रोते केवळ कविता ऐकायला येत. ज्यांनी ते ऐकलं, त्यांना पुस्तक उघडलं की अजून तो आवाज ऐकू येतो. माझ्या वडलांना यायचा. विंदांची ओळ वाचताना त्यांचा स्वर बदलायचा.

मी हे बोलते तेव्हा काही जाणती माणसं म्हणतात, की बाई, मंचावरची कविता टाळ्यांच्या मागं लागते. कवी सोपं लिहायला लागतो, शेवटच्या ओळीला धक्का ठेवतो, कविता एकांतात वाचायची गोष्ट आहे. यात तथ्य आहे. मी ते कार्यक्रम बघितले आहेत, जिथं प्रत्येक चौथ्या ओळीनंतर कवी टाळीसाठी थांबतो. पण याचं कारण आवाज नाही, घड्याळ आहे. निमंत्रितांच्या कविसंमेलनात तीस-चाळीस कवी असतात, प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस काय करील? हमखास चालणारी एक कविता म्हणेल आणि खाली उतरेल. कविकट्ट्यावर नवोदितांना संधी मिळते, ते मला मान्य आहे, ते राहावंच. पण आपण प्रत्येक कवीला, अगदी पन्नास वर्षं लिहिणाऱ्यालाही, त्याच पाच मिनिटांच्या मापानं मोजतो. तासभर वाचायला मिळालं तर टाळीची कविता पहिल्या दहा मिनिटांत संपते. त्यानंतर कवीला आपली अवघड, हळू चालणारी, अजून पक्की न झालेली कविता काढावी लागते. श्रोत्याचा कानही तोवर बसलेला असतो. आपल्याच शहरातल्या मुशायऱ्यांत बघा, शेर आवडला की मुकर्रर म्हणून पुन्हा म्हणायला लावतात, श्रोता नुसता टाळ्या वाजवून मोकळा होत नाही. तो शेरात भाग घेतो. मराठी कवितेच्या श्रोत्यालाही ‘पुन्हा म्हणा’ असं म्हणायची सवय लागेल, फक्त पुन्हा म्हणण्याइतका वेळ तरी त्या बिचाऱ्या कवीकडे असू द्या.

दुसरा आक्षेप आयोजकांचा, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. एका कार्यकर्त्यानं मला स्पष्ट सांगितलं : मॅडम, सत्कार नाही तर देणगी नाही, देणगी नाही तर महोत्सव नाही. हॉलचं भाडं, मांडव, साउंड, जेवण, पाहुण्यांची गाडी, कुठून आणायचं? खरं आहे. पण देणगीदाराचा मान मंचावरच, कवीच्या वेळेतूनच कापून द्यायला हवा का? त्याचं नाव पत्रिकेवर ठळक छापा, प्रवेशद्वारावर लावा, चहापानाच्या वेळी सत्कार करा, वाटल्यास सत्काराचा वेगळा कार्यक्रम सकाळी ठेवा. मी ज्या देणगीदारांना ओळखते, चादरीचे व्यापारी, कारखानदार, डॉक्टर, त्यांतल्या कुणालाही सत्तरीतली बाई दीड तास ताटकळत बसावी असं वाटत नसणार. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

पैशाचं आणखी एक. मांडववाल्याचे पैसे ठरलेले असतात, साउंडवाल्याचे, जेवणाच्या केटररचे, निवेदकाचेसुद्धा. कवीच्या मानधनाचा विषय आला की आवाज खाली जातो. ‘ताई आपल्याच आहेत’, ‘साहित्यसेवा आहे’. शाल देऊ, प्रवासखर्च देऊ. कवीच्या घरी शालींचे गठ्ठे असतात. त्याच शालींचे, स्मृतिचिन्हांचे पैसे एकत्र केले तर एका कवीचं बऱ्यापैकी मानधन निघतं, हिशेब करून बघा. केरळात कन्नूरकडच्या विडी कारखान्यांत एक जुनी रीत होती. विड्या वळताना कामगारांतलाच एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र, कादंबरी वाचून दाखवायचा. वाचताना त्याच्या विड्या वळायच्या राहत, म्हणून बाकीचे आपल्या वाट्यातून त्याचा वाटा भरून काढत. हातावर पोट असलेल्या त्या माणसांना कळत होतं, की वाचून दाखवणं हे काम आहे आणि कामाची मजुरी असते. विडीच्याच धंद्यावर हजारो घरं चालणाऱ्या सोलापूरला हे समजावून सांगायला नको.

काय करता येईल हे सांगायला मला मोठी योजना सुचत नाही, सुचवायचीही नाही. महोत्सवात एक तास असा ठेवावा, ज्यात एकच कवी आणि त्याची कविता. परिचय दोन मिनिटांचा. इको बंद. मोबाईल खिशात, आणि ध्वनिमुद्रण करायचं तर कवीला विचारून एकानंच नीट करावं, ते संस्थेनं जपावं. वेळ संध्याकाळी सहाची म्हणजे सहाची, म्हणजे बार्शीच्या माणसाला एसटी मिळेल आणि माझ्या मुलींना नऊच्या आत घर. महोत्सवाची वाट तरी कशाला बघायची? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालयं जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला आहेत. त्यांच्याकडे खोली आहे, सतरंजी आहे, कपाटात त्याच कवीची पुस्तकं आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, चाळीस माणसं, माइकसुद्धा नको. आपल्या शहराला आकाशवाणीचं केंद्र आहे. इथल्या कवींचे आवाज तिथं नेमानं नोंदले गेले तर पुढच्या पिढीला आपल्या कवींबद्दल तरी अंदाज बांधत बसावं लागणार नाही. आणि शाळा. आमच्याकडे श्रवण आणि भाषणकौशल्याला अंतर्गत गुण आहेत, ते कसे दिले जातात हे आम्हा शिक्षकांना माहीत आहे. त्या गुणांसाठी मुलांना वर्षातून एकदा जिवंत कवी ऐकवावा. मी या वर्षी तसं करणार आहे, माझ्यापुरतं तरी.

त्या रात्री मुलींना घरी पोचवायला साडेनऊ झाले. दोन घरी बोलणी खाल्ली, ती रास्तच होती.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर पुन्हा ती शेवटची ओळ लिहिली आणि माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली. समासातलं ‘दुनिया’ खोडायला लावलं नाही, त्याच्या खाली दुसरा अर्थ लिहा म्हटलं. मग एकेकीला ती कविता मोठ्यानं वाचायला सांगितली. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. तास संपेपर्यंत सहाच मुली झाल्या, कारण दोघींनी ‘पुन्हा म्हण’ असं सांगून वाचायला लावली.

सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, काल रात्री अम्मा विड्या वळत होती तेव्हा तिला सगळी कविता सांगितली, तेलुगूतून. शिदोरी, एसटी, सगळं. मी विचारलं, शेवटचा शब्द काय सांगितलास? ती म्हणाली, ‘बतुकु.’ नवरात्रात पूर्वभागातल्या बाया फुलं रचून जिच्याभोवती फेर धरतात त्या बतुकम्मामधला तोच शब्द. जग, जिवंत राहा.

‘मग अम्मा काय म्हणाली?’

‘अम्मा विचारली, मग तो पोरगा गेला का राहिला?’

कवितेत ते लिहिलेलं नाही. मी तिला तसं सांगितलं, आणि म्हटलं, अम्माला सांग, पुढच्या वेळी त्या बाई आल्या की आपण दोघी मिळून तुझ्या अम्माला घेऊन जाऊ, तिनं स्वतःच विचारावं.